जुन्या युनिक्स टेपा: आधी उतरवून घ्या, उलगडा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या युनिक्स वर्कस्टेशनांच्या बॅकअपचा एक खोका हाती आलाय: पाव इंची कार्ट्रिज, ८ मिमीच्या काही कॅसेट आणि अर्ध्या इंची टेपेची दोन रिळं. ड्राइव्ह आजच्या लिनक्सला जोडून टार (फाइली एका आर्काइव्हमध्ये बांधणारी आणि उघडणारी आज्ञा) चालवला, तर एका ८ मिमी टेपेवर 'कॅनॉट अलोकेट मेमरी' अशी चूक येते. एका पाव इंची कार्ट्रिजमधून नुसता कचरा येतो, पण त्या कचऱ्यात ओळखीची अक्षरं दिसतात. तिसरी टेप नीट वाचली जाते, मात्र लेबलावर चार बॅकअप लिहिलेत आणि टारला एकच सापडतो. शिवाय एका जुन्या यंत्राला वाचता येईल अशी एक टेप लिहूनही हवी आहे.

आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टंकताना अर्थातच रोमन.

आधी मेमरीचं बघू, कारण तिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. यंत्रात रॅम कितीही असली तरी ही चूक येते, कारण तिचा रॅमशी संबंधच नाही. डिस्कवरची फाइल म्हणजे सलग बाइटांची ओळ. तुम्ही शंभर मागा, हजार मागा, ती तेवढे देते. टेपेचं तसं नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रामने एका वेळी जेवढे बाइट लिहिले तेवढा एक रेकॉर्ड टेपेवर पडतो, मग मोकळी जागा, मग पुढचा रेकॉर्ड. वाचतानाही एका हाकेला एकच रेकॉर्ड येतो. तुमचं भांडं रेकॉर्डपेक्षा मोठं असेल तर काही बिघडत नाही, रेकॉर्ड जेवढा असेल तेवढाच मिळतो. भांडं लहान असेल तर मात्र उरलेला भाग सांडतो. लिनक्सचा टेप ड्रायव्हर अशा वेळी मेमरी नसल्याची चूक देतो. टारचा नेहमीचा रेकॉर्ड २० ब्लॉकांचा, म्हणजे २० गुणिले ५१२ बरोबर १०,२४० बाइटांचा. तुमची ८ मिमीची टेप कुणीतरी याहून मोठ्या रेकॉर्डांनी लिहिली आहे, एवढाच त्या चुकीचा अर्थ. टारला बी पर्यायाने १२६ किंवा २५६ ब्लॉक सांगा, गाडी पुढे सरकेल.

पण तसं करू नका. निदान पहिल्या फेरीत तरी टार चालवूच नका.

तीस-पस्तीस वर्षांची टेप किती वेळा ड्राइव्हच्या हेडवरून (वाचणाऱ्या भागावरून) जाऊ शकेल हे कुणी सांगू शकत नाही. काही टेपा दहादा वाचून होतात, काही पहिल्याच फेरीत आपला चुंबकीय लेप हेडवर सोडतात. त्यामुळे पहिली फेरी ही शेवटची फेरी आहे असं धरून चालायचं, आणि त्या फेरीत टेपेवर जे आहे ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं. ते टार आहे, सीपीआयओ आहे की डंप (हे बॅकअपचे आणखी दोन प्रकार), ही चिकित्सा डिस्कवरच्या प्रतीवर हवी तेवढी करता येते. टेपेसमोर बसून पर्याय बदलून बदलून टार चालवणं म्हणजे प्रत्येक प्रयोगाला टेपेचं थोडं आयुष्य खर्च करणं.

उतरवण्याआधी दोन कामं. पहिलं, लिहिण्यापासून संरक्षण. पाव इंचीवर फिरवायची खूण असते, ती 'सेफ'कडे करा. ८ मिमी आणि ४ मिमीच्या कॅसेटला सरकती पट्टी असते. अर्ध्या इंची रिळाचं गणित उलटं आहे: मागच्या खाचेत प्लास्टिकची कडी बसवलेली असेल तरच ड्राइव्ह लिहितो, कडी काढली की लिहिणं बंद. हे काम ड्राइव्हजवळ जाण्याआधी करायचं. 'आपण कुठे लिहिणार आहोत' असं म्हणणाऱ्यांच्याच हातून टेपा पुसल्या जातात. दुसरं, ड्राइव्ह आधी बिनमहत्त्वाच्या टेपेवर चालवून बघा. जुन्या पाव इंची ड्राइव्हमधला रबरी रोलर वितळून डिंकासारखा झालेला असतो आणि पहिल्याच कार्ट्रिजला चिकटतो. रोलर बोटाने दाबून बघा. बोटाला काळं लागलं तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि प्रत्येक टेपेनंतर पुन्हा पुसा.

पाव इंची कार्ट्रिजबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यांचा घात आतल्या पट्ट्याने होतो. कार्ट्रिजमध्ये दोन्ही रिळांना घासून जाणारा एक ताणलेला रबरी पट्टा असतो. ड्राइव्ह टेप ओढत नाही, त्या पट्ट्याकरवी फिरवतो. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून तो पट्टा एकतर सैल पडतो, नाहीतर तुटतो, नाहीतर टेपेला चिकटून बसतो आणि फिरवताच तिथला लेप उचकटतो. जुन्या पुस्तिका सांगतात की वाचण्याआधी एमटी या टेप पुढेमागे नेणाऱ्या आज्ञेने 'रिटेन्शन' करा, म्हणजे टेप एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणा, ताण सारखा होतो. टेप चार-पाच वर्षांची असताना हा सल्ला उत्तम होता. आज मी आधी कार्ट्रिज उघडतो, पट्टा बघतो, शंका आली तर चांगल्या कार्ट्रिजमधला पट्टा घालतो, आणि मगच फिरवतो. आणखी एक खोड: या कार्ट्रिजमध्ये टेपेचं टोक रिळाला बांधलेलं नसतं. टोकाजवळ भोकं असतात, ड्राइव्हचा प्रकाश त्यातून आरपार गेला की मोटर थांबते. प्रकाशाच्या वाटेत धूळ असेल तर भोक दिसत नाही आणि अख्खी टेप रिळावरून सुटून येते. ती परत गुंडाळता येते, पण ते संध्याकाळभराचं काम आहे.

आता उतरवणं. डिव्हाइस नेहमी न गुंडाळणारं घ्या. लिनक्सवर एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य अशी एकाच ड्राइव्हची दोन नावं असतात. एन असलेलं नाव बंद करताना टेप सुरुवातीला नेत नाही. सोलॅरिसवर आरएमटी फोल्डरातलं शून्य-एन, सनओएसवर एनआरएसटी-८, एआयएक्सवर आरएमटी-शून्य-बिंदू-१. नावं वेगळी, मतलब तोच. मग एमटीने ब्लॉकचं माप शून्य करा, म्हणजे बदलत्या मापाचे रेकॉर्ड चालतील. याला पाव इंची टेप अपवाद: तिच्यावर प्रत्यक्षात ५१२ बाइटांचे ठरलेले ब्लॉकच असतात, तिथे माप ५१२ ठेवा आणि वाचताना ५१२ च्या पटीत मागा.

मग डीडी या जशीच्या तशी प्रत करणाऱ्या आज्ञेला बीएस (एका वेळी मागायचं माप) २५६के देऊन पहिली फाइल एका क्रमांकाच्या नावाने उतरवा, लगेच दुसरी, लगेच तिसरी, रिकामी फाइल मिळेपर्यंत. डीडी शेवटी जो हिशेब छापतो तो जपून ठेवा, त्यात खजिना असतो. समजा त्याने लिहिलं: शून्य अधिक ४११ रेकॉर्ड आत, एकूण ४२,०८,६४० बाइट. 'शून्य अधिक' म्हणजे तुम्ही मागितलेल्या मापाचा पूर्ण रेकॉर्ड एकही आला नाही, सगळे छोटे आले. ४२,०८,६४० भागिले ४११ बरोबर १०,२४०. म्हणजे ही टेप २० ब्लॉकांनी लिहिलेली, बहुधा टारची. भागाकार नीट गेला नाही तर रेकॉर्ड वेगवेगळ्या मापाचे आहेत, आणि तेव्हा नुसती डीडीची प्रत पुरत नाही, कारण रेकॉर्डांच्या सीमा त्यात हरवतात. बीएसडी या युनिक्सच्या शाखेत त्यासाठी टीकॉपी नावाची आज्ञा होती, ती कुठल्या मापाचे किती रेकॉर्ड हे छापायची. आज मी अशा टेपेची सिमएच या अनुकरण-प्रोग्रामला चालणारी प्रत करतो. तिची रचना साधी आहे: प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर चार बाइटांत त्याची लांबी, आणि लांबी शून्य असेल तर ती टेप मार्क. टेपेचा आकार त्यात पूर्ण टिकतो.

टेप मार्क म्हणजे काय, तर तिसऱ्या टेपेचं उत्तर. टेपेवर दोन बॅकअपांच्या मध्ये एक खास खूण लिहिलेली असते. टार आपल्या आर्काइव्हच्या शेवटी शून्यांनी भरलेले दोन ब्लॉक बघतो आणि तिथेच थांबतो. खूण त्याच्या पुढे असते, ती ओलांडली जात नाही. तुम्ही गुंडाळणारं डिव्हाइस वापरलं असेल तर टेप सुरुवातीला जाते आणि दर वेळी पहिलाच बॅकअप दिसतो. न गुंडाळणारं वापरलं तरी दुसऱ्यांदा टार चालवताच समोर खूण येते, टारला वाटतं फाइल रिकामी आहे. मध्ये एकदा एमटी एफएसएफ १ चालवलं की खूण ओलांडली जाते आणि दुसरा बॅकअप समोर येतो. डीडीबाबत उलट: डीडी खुणेपर्यंत वाचतो आणि ती ओलांडूनच थांबतो. त्यानंतर सवयीने एफएसएफ मारलंत तर एक अख्खा बॅकअप वगळला जाईल आणि कळणारही नाही. सोलॅरिसची आणखी एक तऱ्हा: तिथलं साधं न गुंडाळणारं डिव्हाइस बंद होताना आपणहून पुढच्या फाइलच्या सुरुवातीला जातं, आणि नावात बी असलेलं बीएसडी वळणाचं डिव्हाइस होतं तिथेच राहतं. एकाच स्क्रिप्टचे दोन यंत्रांवर दोन निकाल लागतात ते यामुळे.

अर्ध्या इंची रिळावर लागोपाठ दोन खुणा म्हणजे 'इथे संपलं'. पण टेप संपलेली नसते. रीळ पूर्वी लांब बॅकअपला वापरलं असेल आणि नंतर त्यावर छोटा लिहिला असेल, तर दोन खुणांच्या पलीकडे जुना बॅकअप शेपटासारखा शिल्लक असतो. या ड्राइव्हवर खुणा ओलांडून तो वाचता येतो, आणि कधीकधी खरं मोलाचं तिथेच मिळतं. ८ मिमी आणि ४ मिमीचे ड्राइव्ह मात्र डेटा संपल्याच्या जागेपुढे जायला साफ नकार देतात.

आता कचऱ्यातली ओळखीची अक्षरं. ओडी आज्ञेने प्रतीची पहिली ५१२ बाइट अक्षरांत बघा. टारच्या हेडरमध्ये पहिली १०० बाइट नावाची. मग परवानग्या, मालक, माप, वेळ, सगळं अष्टमान आकड्यांत. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकानंतरच्या टारमध्ये २५७ व्या जागी 'यूस्टार' हा शब्द असतो. त्याआधीच्या टारमध्ये, म्हणजे १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून आलेल्यात, तो नसतो, तिथे आकड्यांच्या ठेवणीवरून ओळखायचं. तुमच्या टेपेत 'युनिक्स' हा शब्द यू-एन-आय-एक्सऐवजी एन-यू-एक्स-आय असा दिसत असेल, तर बाइटांच्या जोड्या उलटल्या आहेत. या गोंधळाला जुने लोक 'नक्सी' म्हणायचे. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवर पाव इंची टेपेचं नेहमीचं डिव्हाइसच जोड्या उलटवून लिहायचं. न उलटवणाऱ्याच्या नावाला एनएस लागायचं. त्यामुळे अशी टेप दिसली की माझा पहिला संशय तिकडेच जातो. इलाज सोपा: डिस्कवरच्या प्रतीवर डीडी, कन्व्ह=स्वॅब (जोड्या उलटवण्याचा पर्याय). टेपेला हात लावायची गरज नाही.

टार नसेल तर काय? पहिले दोन बाइट अष्टमानात ०७०७०७ असतील तर जुना बायनरी सीपीआयओ, आणि तीच सहा अंकं अक्षरांत दिसली तर सी पर्यायाने लिहिलेला सीपीआयओ. बायनरी प्रकारात लिहिणाऱ्या यंत्राचा बाइटक्रम तसाच उतरतो, म्हणून ज्यांना पुढची काळजी होती ते सी वापरायचे. डंप असेल तर फाइल आज्ञा बहुतेक वेळा ओळखते, आणि लिनक्सवरचा रिस्टोर आय पर्यायाने उघडून आत फिरू देतो. पातळी शून्यची (पूर्ण बॅकअपची) टेप आधी, मग चढत्या पातळ्या. हा क्रम चुकला तर पुसलेल्या फाइली जिवंत होतात आणि जिवंत फाइली जुन्या होतात.

उघडताना एक इशारा. जुने टार नावाच्या सुरुवातीची तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवायचे. कुणी मुळापासून बॅकअप घेतला असेल तर तुमच्या यंत्राची पासवर्ड फाइल १९९१ च्या पासवर्ड फाइलने झाकली जाऊ शकते. ग्नू टार (लिनक्सवरचा नेहमीचा टार) ती रेघ काढून टाकतो, सगळे टार काढत नाहीत. आधी टी पर्यायाने यादी बघा, आणि सुपरयूझर म्हणून कधीच उघडू नका.

टेप मध्येच खराब असेल तर डीडीला 'नोएरर, सिंक' द्या असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धवट आहे. मी सुरुवातीच्या वर्षांत असाच डीडी चालवला, माप दिलं ६४के, टेप होती १०,२४० ची. सिंकचं काम असं की मागितल्यापेक्षा छोटा रेकॉर्ड आला की उरलेली जागा शून्यांनी भरायची. म्हणजे खराब रेकॉर्डच नव्हे, धडधाकट रेकॉर्डसुद्धा प्रत्येकी ६५,५३६ बाइटांचे झाले आणि आर्काइव्ह सहापटीहून जास्त फुगला. टारला पहिल्या रेकॉर्डपुढे काहीच लागेना. टेप पुन्हा लावली तर हेडवर तपकिरी भुकटी, दुसरी फेरी झालीच नाही. फुगवटा निदान नियमित होता: दर ६५,५३६ बाइटांतले पहिले १०,२४० ठेवून बाकीचे टाकणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि आर्काइव्ह परत मिळाला. तेव्हापासून सिंक वापरायचा तर माप रेकॉर्डइतकंच, आणि ते मोजून. तसं केलं तर फायदा खरा आहे: हरवलेल्या रेकॉर्डच्या जागी तेवढीच शून्यं बसतात, पुढचं सरकत नाही, आणि ग्नू टार पुढचा हेडर शोधून पुढे जातो. आर्काइव्हच अख्खा कॉम्प्रेसने दाबलेला असेल तर मात्र पहिल्या खड्ड्यानंतरचं गेलं म्हणूनच समजा.

टेप चिकट झाली असेल, फिरताना किंचाळत असेल, तर थांबा. लेप धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतला दमटपणा ओढून सैल झालेलं असतं. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास हळू भाजून तो दमटपणा काढतात आणि मग थोड्या काळात वाचून घेतात. पण त्यासाठी तापमान काटेकोर सांभाळणारी भट्टी लागते, घरचा ओव्हन नव्हे. फार मोलाचं रीळ असेल तर ड्राइव्हच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सवर विसंबतही नाहीत. २०२५ मध्ये यूटा विद्यापीठात युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीचं रीळ सापडलं. ते उतरवताना हेडवरून येणारा मूळ संकेत नोंदवून घेतला गेला आणि त्यातले बिट नंतर सॉफ्टवेअरने काढले. आधी उतरवा, मग उलगडा, याचं हे सगळ्यात टोकाचं रूप.

राहिलं लिहिणं. पहिला प्रश्न ड्राइव्हचा, सॉफ्टवेअरचा नंतर. पाव इंचीचे नंतरचे १५० एमबीचे ड्राइव्ह आधीच्या ६० एमबीच्या क्यूआयसी-२४ टेपा वाचतात, पण त्या मांडणीत लिहू शकत नाहीत. तुमच्या जुन्या यंत्रात क्यूआयसी-२४ ड्राइव्ह असेल तर नव्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप त्याला परकी आहे. तेव्हा टेप त्याच यंत्रावर लिहावी लागेल. डेटा नेटवर्कवरून आरएसएचने (दुसऱ्या यंत्रावर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामने) पाठवा आणि तिकडच्या डीडीने टेपेवर उतरवा. तिकडच्या डीडीला बीएस नव्हे, ओबीएस (एका वेळी लिहायचं माप) द्या, बीएस दिलंत तर नेटवर्कवरून जसे तुकडे येतील तसे तो टेपेवर लिहू बघेल. ८ मिमी आणि ४ मिमीवर लिहिताना ड्राइव्हचं हार्डवेअर कॉम्प्रेशन बंद करा, जुन्या ड्राइव्हला ते उलगडता येत नाही.

मांडणी जुन्या यंत्राला पचेल अशी ठेवा. ग्नू टारला व्ही७ किंवा यूस्टार फॉरमॅट सांगा. व्ही७ मध्ये पूर्ण नाव ९९ बाइटांत बसलं पाहिजे, म्हणून खोल फोल्डर आधीच उथळ करा. रेकॉर्ड २० ब्लॉकांचा ठेवा. पाव इंचीवर सन कंपनीची मंडळी १२६ ब्लॉक वापरायची, कारण हा ड्राइव्ह सलग धावताना सुखी असतो. डेटा पोचायला उशीर झाला की तो थांबतो, मागे जातो, पुन्हा वेग घेतो, आणि टेप बूट पॉलिश केल्यासारखी मागेपुढे घासली जाते. अर्ध्या इंचीवर रेकॉर्डच्या मापाने किती फरक पडतो ते आकड्यांतच बघा. १६०० बीपीआयला (इंचाला १६०० बाइट) १०,२४० बाइटांना ६.४ इंच लागतात, वर रेकॉर्डांमधली मोकळी जागा ०.६ इंच, मिळून ७ इंच. २४०० फुटी रिळावर असे सुमारे ४,११४ रेकॉर्ड, म्हणजे ४२ एमबी. तेच ५१२ बाइटांचे रेकॉर्ड लिहिले तर प्रत्येकाला ०.९२ इंच, आणि रिळावर मावतात जेमतेम १६ एमबी. बाकी सगळं रीळ मोकळ्या जागेतच जातं.

लिहून झालं की टेप गुंडाळा, आणि ज्या यंत्रावर ती वाचायची आहे त्याच यंत्रावर टी पर्यायाने पूर्ण यादी काढून बघा. लेबलावर तारीख, आज्ञा जशी दिली तशी, रेकॉर्डचं माप आणि टेपेवर किती फाइली आहेत हे लिहा. तुमच्या खोक्यातल्या टेपांवर एवढं लिहिलेलं असतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.